सतरा छायाचित्रांतला वॉर्बलर : शरद स्थलांतरातील ओळखीचा एक प्रकरण अभ्यास

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यातील एका सकाळी, अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याच्या दक्षिण टोकावर, केप मे येथील हिग्बी बीचच्या रानाच्या कडेला आम्ही तिघांनी एक लहानसा हिरवट-पिवळा पक्षी अकरा मिनिटे पाहिला. त्याची सतरा छायाचित्रे घेतली आणि दिवस मावळेपर्यंत त्याला तीन वेगवेगळी नावे दिली. तिघांपैकी कोणीही नवखा नव्हता. एका ज्येष्ठ निरीक्षिकेने अनेक हंगाम पक्षी हातात धरून त्यांच्या पायांत कड्या घालण्याचे काम केलेले होते. तरुण सहकाऱ्याची नजर आणि कॅमेरा दोन्ही तेज होते. मी स्वतः बरीच वर्षे शरद ऋतूतल्या नोंदी नेमाने ठेवत आलो आहे. तरीही आमचे एकमत झाले नाही, आणि ते का झाले नाही याचे कारण हाती आले तेव्हा ते आम्ही दिवसभर ज्या दिशेने शोधत होतो त्या दिशेला नव्हतेच. हे प्रकरण सविस्तर लिहावेसे वाटले ते यासाठीच.

तीन नावे आणि त्यांमागची अडचण

प्रश्न वॉर्बलर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या लहान गाणाऱ्या पक्ष्यांच्या तीन जातींचा होता : ब्लॅकपोल वॉर्बलर, बे-ब्रेस्टेड वॉर्बलर आणि पाइन वॉर्बलर. वसंतात या तिघांची गल्लत होण्याची भीती जवळजवळ नसते. ब्लॅकपोल नराच्या डोक्यावर काळीभोर टोपी आणि तिच्याखाली पांढरे गाल असतात. बे-ब्रेस्टेड नराचे डोके, गळा आणि कुशी तांबूस-तपकिरी रंगाने रंगलेल्या असतात. पाइनचा नर पिवळा असतो आणि बहुधा पाइनच्या झाडावरच गात असलेला सापडतो. शिवाय त्या दिवसांत नर गातात, आणि गाणे ओळखीचे असले की पक्षी न दिसताही काम भागते.

विणीचा हंगाम संपला की हे सारे बदलते. दक्षिणेकडे निघण्यापूर्वी, उन्हाळ्याच्या उत्तरार्धातच प्रौढ पक्षी पिसे बदलतात. ब्लॅकपोलची काळी टोपी आणि बे-ब्रेस्टेडचा तांबूस गळा गळून पडतो आणि त्यांच्या जागी वरून हिरवट, खालून पिवळसर असा अंगरखा येतो. त्यातच त्या वर्षी जन्मलेल्या पिल्लांची भर पडते. भडक रंगाचा पिसारा त्यांच्या अंगावर अजून एकदाही चढलेला नसतो, आणि शरदातल्या थव्यांत त्यांचीच संख्या मोठी असते. गाणे जवळपास थांबलेले असते. उरते ती एक बारीक ‘चिक्’ अशी हाक, आणि रात्री उडताना काढलेला एक उंच, किंचित किरकिरा स्वर. ब्लॅकपोल आणि बे-ब्रेस्टेड यांचे हे रात्रीचे स्वर इतके जवळचे आहेत की ध्वनिमुद्रणाचा आलेख डोळ्यांपुढे असतानाही जाणकार त्यांना एकाच गटात टाकून मोकळे होतात. म्हणजे रंग आणि गाणे हे ओळखीचे दोन मोठे आधार एकाच वेळी निसटतात आणि निरीक्षकाला बारीक खुणांवर विसंबावे लागते.

त्या खुणा थोडक्यात अशा आहेत. शरदातल्या ब्लॅकपोलच्या छातीच्या बाजूंवर पुसट पण खऱ्या रेघा असतात. शेपटीखालची पिसे स्वच्छ पांढरी असतात, डोळ्यातून जाणारी गडद रेषा बऱ्यापैकी उठून दिसते, आणि नडग्या गडद असल्या तरी पावले, विशेषतः तळवे, पिवळे असतात. बे-ब्रेस्टेडची छाती बिनरेघांची असते आणि शेपटीखाली सायीसारखी, किंचित बदामी छटा असते. मानेच्या बाजू उजळ लिंबू-हिरव्या असतात, चेहरा सपाट वाटतो, पंखांवरचे दोन पांढरे पट्टे थोडे रुंद असतात, पाय आणि पावले गडद करडी असतात, आणि नशीब असेल तर कुशीवर तांबूस रंगाची पुसटशी झाक उरलेली असते. पाइनची चोच जाड असते, पाठीवर रेघा अजिबात नसतात, पाय गडद असतात, आणि शेपटीखालच्या पिसांच्या पुढे शेपटी बरीच लांब उरते. उरलेल्या दोघांची शेपटी त्या मानाने आखूड दिसते आणि पाठीवर पुसट रेघा असतात.

या सर्व खुणा खऱ्या आहेत. अडचण एवढीच की त्यांतली प्रत्येक खूण कमी-अधिक प्रमाणाची आहे, आणि प्रकाश, कोन, अंतर व पक्ष्याची बसण्याची ढब यांपैकी काहीही बदलले की तीही बदलते. रॉजर टोरी पीटरसन यांची 1934 साली आलेली क्षेत्र-मार्गदर्शिका पुढे ज्या पानांसाठी ओळखली गेली, त्यांत शरदातले गोंधळात टाकणारे वॉर्बलर एकत्र मांडलेली पाने अग्रक्रमाने येतात. त्या पानांनी कित्येक पिढ्यांना धीर दिला आणि धडकीही भरवली. पण चित्रातले पक्षी बहुतेक एकाच बाजूला तोंड करून, एकसारख्या प्रकाशात, पानाफांद्यांच्या आडोशाशिवाय उभे असतात. झाडावरचा पक्षी बारा-तेरा मीटर उंचीवर, पोट आपल्याकडे करून, दर दोन सेकंदांनी जागा बदलत असतो. चित्रात शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन छटांमधला फरक झाडावर शोधायचा, तर तिथे तुलनेला दुसरा पक्षी नसतो. निदान आम्ही तसे समजून चाललो होतो.

ती सकाळ

आदल्या संध्याकाळी थंड हवेचा पट्टा पुढे सरकून गेला होता आणि वारा वायव्येकडून वाहू लागला होता. केप मे येथे पक्षी पाहणाऱ्यांच्या दृष्टीने याहून चांगली वर्दी नाही. एका बाजूला अटलांटिक महासागर आणि दुसऱ्या बाजूला डेलावेअरचा उपसागर अशा निमुळत्या होत जाणाऱ्या भूभागाच्या टोकाशी, रात्री दक्षिणेकडे निघालेले लहान पक्षी वायव्य वाऱ्याने किनाऱ्याकडे लोटले जाऊन गोळा होतात. उजाडल्यावर त्यांना पुढे पाणी दिसते, आणि त्यांतले पुष्कळ उपसागराच्या काठाकाठाने उलट उत्तरेकडे वळून विसाव्याची आणि अन्नाची जागा शोधतात. हिग्बी बीचवरून पहाटेचा हा उलटा प्रवाह डोक्यावरून जाताना पाहता येतो. उडत्या पक्ष्यांची मोजणी करणारे निरीक्षक तिथे फक्त सावलीवरून, शेपटीच्या लांबीवरून आणि एका हाकेवरून जाती सांगतात, आणि त्यांचे कसब पाहून दर वेळी माझा ऊर भरून येतो.

त्या दिवशी मुख्य प्रवाह ओसरल्यावर आम्ही शेताच्या कडेच्या झाडांकडे वळलो. चेरी आणि ओकच्या मिश्र झाडीत सात-आठ जातींचे पक्षी एकत्र चरत होते. ऊन तिरपे होते आणि चेरीची पाने कुठे हिरवी तर कुठे पिवळी पडू लागलेली होती. 7 वाजून 52 मिनिटांनी तरुण सहकाऱ्याने पहिले छायाचित्र घेतले. शेवटचे 8 वाजून 3 मिनिटांनी घेतले. मधल्या काळात पक्षी पानांआड जाई, पुन्हा बाहेर येई, कधी फांदीच्या टोकाला उलटा लटके, कधी एखादी अळी टिपून ती फांदीवर घासत बसे.

पहिले नाव मीच उच्चारले : ब्लॅकपोल. तसे म्हणायला आधार होता. सप्टेंबरच्या अखेरीस या किनाऱ्यावर हिरवट अंगाचा, दोन पंखपट्ट्यांचा वॉर्बलर दिसला तर तो ब्लॅकपोल असण्याची शक्यता फार मोठी असते. बे-ब्रेस्टेडचा मुख्य ओघ थोडा आधी निघून जातो, तो किनाऱ्यापेक्षा आतल्या भागातून अधिक जातो, आणि पाइनचा भर ऑक्टोबरात येतो. पण ज्येष्ठ निरीक्षिकेने काही क्षणांतच सांगितले की छाती कोरी आहे, मान लिंबासारखी हिरवी आहे, म्हणून हा बे-ब्रेस्टेडच. तरुण सहकाऱ्याला पाय गडद दिसले, छातीवर काही धूसर डाग दिसले, आणि तो पाइनकडे झुकला. मी माझ्या वहीत जे लिहिले ते इथे जसेच्या तसे देतो, कारण पुढच्या साऱ्या गुंत्याचे मूळ त्याच ओळीत आहे : ‘हिरवट वॉर्बलर, 1. पावले पिवळी, नक्की. छातीच्या बाजूला रेघा. शेपटीखाली बदामी. मान उजळ. रेघा पुन्हा पाहता नाहीत.’

ही ओळ मी प्रामाणिकपणे लिहिली होती. तीत लिहिलेली प्रत्येक गोष्ट मी त्या अकरा मिनिटांत दुर्बिणीतून पाहिली होती. आणि तरीही ती ओळ जशी आहे तशी कोणत्याच पक्ष्याला लागू पडत नव्हती.

दिवसभराचा वाद

त्या दिवशी दुपारपर्यंत आम्ही जे केले ते मला आज शिकवण्यासारखे वाटते, कारण तीन अनुभवी माणसे चुकीच्या पायावर किती नीटनेटकी इमारत उभी करू शकतात हे त्यातून दिसते. खुणा परस्परविरोधी आहेत हे आम्हाला दिसत होते. पिवळे तळवे ब्लॅकपोलकडे नेत होते, बदामी छटा बे-ब्रेस्टेडकडे. यावर आम्ही प्रत्येकाने आपल्याला न पटणाऱ्या खुणेला काही ना काही स्पष्टीकरण दिले. मी म्हणालो की शेपटीखालची छटा पिवळ्या पानांतून गाळून आलेल्या उन्हाची आहे. ज्येष्ठ निरीक्षिकेच्या मते पावलांचा पिवळेपणा उन्हाच्या तिरिपीचा होता आणि रेघा म्हणजे विस्कटलेल्या पिसांच्या सावल्या. तरुण सहकाऱ्याने धूसर डागांवर भर दिला आणि बाकीच्या खुणा अपुऱ्या ठरवल्या.

ही सारी स्पष्टीकरणे शक्य कोटीतली होती, आणि नेमका तिथेच धोका होता. शरदातल्या वॉर्बलरांच्या बाबतीत प्रकाशावर दोष ढकलणे नेहमीच सोयीचे असते, कारण बहुतेक वेळा तो दोष खराही असतो. पानांखाली बसलेल्या पक्ष्याचे पांढरे पोट हिरवे-पिवळे दिसते. कॅमेरा सावली उजळवताना रंग बदलतो. जास्त प्रकाश पडलेल्या छायाचित्रात पुसट रेघा जळून नाहीशा होतात. पण एखादे स्पष्टीकरण शक्य आहे म्हणून ते याच छायाचित्रात घडले आहे असे ठरत नाही. आम्ही तिघेही आपापल्या नावाच्या बाजूने शक्यतेला पुरावा समजत होतो.

माझ्याकडून आणखी एक चूक झाली. या दिवसांत या किनाऱ्यावर ब्लॅकपोल अधिक असतात ही गोष्ट मी सकाळी एकदा वापरली होती आणि ते योग्यच होते. पण दुपारी छायाचित्रे पाहताना प्रत्येक धूसर खूण मी त्याच माहितीच्या उजेडात वाचू लागलो. रेघ आहे की सावली असा प्रश्न पडला की ‘असणारच रेघ’ असे मनाने ठरवून टाकले. एकाच माहितीला मी पुन्हा पुन्हा मोजत होतो, आणि माझी खात्री वाढत गेली ती पुराव्यामुळे नाही, त्या फेरमोजणीमुळे.

पंखपट्ट्यातील फट

संध्याकाळी तरुण सहकाऱ्याने सतराही छायाचित्रे मोठ्या पडद्यावर वेळेच्या क्रमाने लावली. तोपर्यंत आम्ही उत्तम दिसणारी चार-पाचच पुन्हा पुन्हा पाहत होतो. क्रमाने पाहताना त्याच्या लक्षात आले की नवव्या आणि दहाव्या छायाचित्रामध्ये 48 सेकंदांचे अंतर आहे. त्या अवधीत पक्षी दाट पानांआड गेला होता, आणि बाहेर आला तेव्हा तोच आहे असे आम्ही तिघांनी न बोलता धरून चाललो होतो.

मग त्याने चौथे आणि सातवे छायाचित्र मोठे केले. दोन्हींत पक्ष्याचा डावा पंख दिसत होता. खालच्या पंखपट्ट्यात, मागच्या टोकाकडून तिसऱ्या-चौथ्या पिसाच्या जागी, एक छोटी गडद फट होती. पंखपट्टा म्हणजे आच्छादन-पिसांच्या पांढऱ्या टोकांची ओळ असते. त्यांतले एक पीस गळाले की ओळीत दात पडल्यासारखी जागा दिसते. सातव्या छायाचित्रात फटीच्या तळाशी उड्डाणपिसाची काळसर कडसुद्धा ओळखू येत होती. त्यानंतर त्याने तेरावे छायाचित्र शेजारी आणले. त्यातही डावा पंख दिसत होता, आणि त्यावरचा पट्टा अखंड होता.

ज्येष्ठ निरीक्षिकेने इथे घाई होऊ दिली नाही, आणि त्याबद्दल मला त्यांचा फार आदर वाटतो. पक्षी हातात धरण्याचा अनुभव असल्याने त्यांना ठाऊक होते की अंग फुगवून बसलेल्या पक्ष्याची कुशीची पिसे पंखावर येतात आणि पट्ट्याचा काही भाग झाकतात. शेजारचे पीस सरकूनही फट बुजल्यासारखी दिसू शकते. म्हणून केवळ तेराव्या छायाचित्रावर काही ठरवता येणार नाही असे त्या म्हणाल्या. पंधराव्या छायाचित्रात मात्र पक्षी तोल सावरताना डावा पंख अर्धवट उघडत होता. तिथे आच्छादन-पिसांची ओळ पसरलेली होती, प्रत्येक पिसाचे पांढरे टोक सुटे दिसत होते, आणि एकही पीस कमी नव्हते. अकरा मिनिटांत गळालेले पीस पुन्हा उगवत नाही.

पक्षी दोन होते.

दिवसभर आम्ही एका पक्ष्याच्या खुणा म्हणून ज्यांचा मेळ घालत होतो त्या दोन पक्ष्यांच्या होत्या. माझ्या वहीतल्या त्या ओळीचा पूर्वार्ध एका पक्ष्याचा होता आणि उत्तरार्ध दुसऱ्याचा. ‘रेघा पुन्हा पाहता नाहीत’ या शब्दांत खरे तर उत्तर दडलेले होते. मी ते माझ्या नजरेची अनिश्चितता म्हणून लिहिले होते, पण ती पक्षी बदलल्याची खूण होती. ओळखीच्या सर्व पुस्तकांत एका खुणेवर विसंबू नका, अनेक खुणा एकत्र पाहा असा सल्ला असतो, आणि तो रास्त आहे. मात्र त्या अनेक खुणा एकाच जीवाच्या आहेत हे त्या सल्ल्यात गृहीत धरलेले असते. शरदातल्या मिश्र थव्यात, दाट पानांत, हे गृहीत सर्वांत कच्चे असते आणि कोणी ते तपासत नाही. वसंतात काळ्या टोपीचा नर पानाआड गेला आणि तांबूस गळ्याचा बाहेर आला तर लहान मूलही दोन पक्षी म्हणेल. शरदात दोघांचा अंगरखा एकच असल्याने डोळा त्यांना जोडून टाकतो.

दोन पक्ष्यांचा निवाडा

पहिल्या नऊ छायाचित्रांतल्या पक्ष्याबद्दल आता फारसा प्रश्न उरला नाही. दुसऱ्या, पाचव्या आणि आठव्या छायाचित्रांत छातीच्या दोन्ही बाजूंना रेघा होत्या, वेगवेगळ्या कोनांतून त्याच जागी होत्या, म्हणजे त्या सावल्या नव्हत्या. सहाव्यात तो उलटा लटकलेला असताना नडगी करडी आणि तळवा स्पष्ट पिवळा दिसत होता, आणि त्याच चौकटीतला फांदीचा राखाडी रंग नैसर्गिक असल्याने हा पिवळेपणा उन्हाचा म्हणता येत नव्हता. शेपटीखालची पिसे पांढरी होती. तो ब्लॅकपोल होता आणि यावर तिघांचे एकमत झाले.

दुसऱ्या पक्ष्याच्या बाबतीत पाइनचा विचार आधी बाजूला पडला. बाराव्या छायाचित्रात त्याची पाठ दिसत होती आणि तिच्यावर पुसट पण निःसंशय रेघा होत्या. चोच बारीक होती, आणि शेपटीखालच्या पिसांपुढे उरलेला शेपटीचा भाग आखूड होता. तरुण सहकाऱ्याने ज्यांना डाग म्हटले होते ती दोन ठिकाणी पानांची सावली होती. उरला प्रश्न बे-ब्रेस्टेड की दुसरा ब्लॅकपोल एवढाच, आणि इथे ज्येष्ठ निरीक्षिका आणि तरुण सहकारी बे-ब्रेस्टेडच्या बाजूने एक झाले. मी झालो नाही.

माझी कारणे अशी. शेपटीखालची बदामी छटा चौदाव्या आणि सोळाव्या छायाचित्रांत दिसते. अशा छटेची पारख करायची तर त्याच चौकटीत, त्याच पक्ष्याच्या अंगावर, नक्की पांढरी असलेली एखादी जागा शोधावी लागते, आणि पंखपट्टा ही ती जागा होय. सोळाव्या छायाचित्रात पंखपट्टाही बदामीच दिसतो, म्हणजे तिथला प्रकाशच उबदार आहे आणि छटेचा काही भाग त्याचा आहे. चौदाव्यात पंखपट्ट्यावर इतका प्रकाश पडला आहे की त्याचा रंग मोजण्याजोगा राहिलेला नाही. पाय गडद दिसतात हे खरे, पण कोवळ्या ब्लॅकपोलच्या नडग्याही गडद असू शकतात. निर्णय तळव्यावर व्हायचा, आणि आठ छायाचित्रांपैकी एकातही तळवा दिसत नाही. छाती कोरी वाटते, परंतु तेराव्यात ती धूसर आहे आणि सोळाव्यात अर्धी पानाआड. कुशीवरची तांबूस झाक, जी असती तर वाद तिथेच मिटला असता, कुठेही नाही. मानेचा उजळ लिंबू-हिरवा रंग ही बे-ब्रेस्टेडच्या बाजूची सर्वांत सबळ खूण आहे, ती चार छायाचित्रांत टिकून आहे, आणि केवळ तिच्यामुळे मीही मनाने त्याच नावाकडे झुकतो. पण मनाचा कल वेगळा आणि नोंद वेगळी.

सकाळी माझ्या पूर्वग्रहाने मला ब्लॅकपोलकडे ओढले होते, म्हणून आता मी उलट्या दिशेने जास्त सावध होतो आहे का, हे मी स्वतःला विचारून पाहिले. दोन पक्षी असल्याचे कळल्यावर एक निराळीच ओढ तयार झाली होती हेही मला जाणवले. एक ब्लॅकपोल ठरला, तेव्हा दुसरा ‘दुसरीच जात’ असला पाहिजे, म्हणजे गोष्ट पूर्ण होते. वास्तविक एकाच झाडावर दोन ब्लॅकपोल असणे या किनाऱ्यावर अगदी साधी गोष्ट आहे, आणि त्यांतला एक ठळक रेघांचा व दुसरा फार पुसट रेघांचा असणेही तितकेच साधे. पक्षी दोन आहेत हे पंखपट्ट्याने सिद्ध केले, जाती दोन आहेत हे नव्हे.

ज्येष्ठ निरीक्षिकेचे म्हणणे मी इथे कमी करून सांगू इच्छित नाही. त्यांनी दोन्ही जाती हातभर अंतरावरून पुष्कळदा पाहिल्या आहेत, आणि मानेच्या त्या रंगाबद्दल त्यांची खात्री शब्दांत मांडता येते त्याहून खोल आहे. अशी खात्री बहुधा बरोबर असते. परंतु ज्याने तो पक्षी पाहिला नाही आणि ज्याच्यासमोर फक्त आठ छायाचित्रे आहेत, त्याला ती देता येत नाही, आणि नोंद त्याच्यासाठी असते.

नोंद कशी करावी

हा प्रश्न किरकोळ नाही. कॉर्नेल विद्यापीठाची पक्षिविज्ञान प्रयोगशाळा आणि ऑडुबॉन संस्था यांनी 2002 साली सुरू केलेल्या ई-बर्डसारख्या उपक्रमात सामान्य निरीक्षकांच्या नोंदी जमा होतात, स्वयंसेवक परीक्षक शंकास्पद नोंदी तपासतात, आणि त्या साठ्यावरून कोणती जात कधी, कुठून, किती संख्येने जाते याचे नकाशे तयार होतात. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाने दाखवून दिले की 1970 पासून उत्तर अमेरिकेतील पक्ष्यांची संख्या सुमारे 2.9 अब्जांनी घटली आहे, आणि झपाट्याने घटलेल्या पक्ष्यांत ब्लॅकपोलचा समावेश होतो. बे-ब्रेस्टेडची संख्या तर उत्तरेकडील स्प्रूस अरण्यांतल्या एका अळीच्या साथींबरोबर चढते-उतरते. अळ्यांचे वर्ष असले की पिल्ले भरपूर जगतात, आणि साथ ओसरली की संख्याही ओसरते. एका जातीची घट आणि दुसरीची चढउतार वेगळी दिसायची असेल, तर शरदातल्या नोंदींत त्या दोघींची सरमिसळ होऊन चालणार नाही. माझ्यासारख्या शेकडो निरीक्षकांनी आपापल्या मनाचा कल नोंदीत उतरवला, तर त्या नकाशात पक्ष्यांऐवजी आमच्या सवयी उमटतील.

आणि हे पक्षी तसे बेपर्वाईने मोजण्याजोगे नाहीत. ब्लॅकपोलचे नेहमीचे वजन साधारण 12 ग्रॅम असते. निघण्यापूर्वी तो अंगात चरबी साठवून बराच जड होतो. मग ईशान्य किनाऱ्यावरून अटलांटिकवर झेपावून, कुठेही न थांबता, कॅरिबियन बेटांकडे किंवा दक्षिण अमेरिकेकडे जातो. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, पाठीवर बसवलेल्या अतिशय हलक्या प्रकाशमापक यंत्रांच्या आधारे, हे सलग उड्डाण सुमारे 2,270 ते 2,770 किलोमीटरांचे आणि दोन ते तीन दिवसांचे असल्याचे सिद्ध झाले. चेरीच्या फांदीवर अळी घासत बसलेला तो पंखपट्ट्यात फट असलेला जीव कदाचित त्याच तयारीत होता. त्याच्या नावापुढे आकडा लिहिताना तो आपण नीट पाहिला आहे एवढे तरी आपल्याकडून व्हावे, असे मला कळकळीने वाटते.

सुदैवाने नोंदीच्या पद्धतीत अशा प्रसंगासाठी जागा आहे. ब्लॅकपोल किंवा बे-ब्रेस्टेड, दोहोंपैकी एक, अशी जोडनोंद करता येते, आणि तो रीतसर पर्याय आहे. पुष्कळ निरीक्षकांना ती कमीपणाची वाटते आणि अनुभवी माणूस तिच्याकडे जाताना संकोचतो. माझे मत उलट आहे. जोडनोंदीत नक्की माहिती असते : पाइन नाही, इतर वीस जाती नाहीत, या दोनांपैकीच एक आहे, आणि पुढचा फरक सांगणारी खूण दिसलेली नाही. ती खूण कोणती हेही टिपणात लिहिले, तर उद्या दुसऱ्या निरीक्षकाने घेतलेले त्याच पक्ष्याचे एखादे चांगले छायाचित्र पुढे आल्यास नोंद सुधारता येते. चुकीच्या खात्रीने लिहिलेले नाव मात्र कोणी पुन्हा उघडून पाहत नाही.

तरुण सहकाऱ्याने या प्रकरणानंतर आपल्या कामात एक बदल केला, आणि मीही तो उचलला. पक्षी पानाआड जाऊन काही सेकंदांनी बाहेर आला की तो कॅमेरा क्षणभर जमिनीकडे वळवून एक रिकामे छायाचित्र घेतो. नंतर पाहताना त्या गवताच्या चौकटीपाशी थांबायचे आणि पुढचा पक्षी नवा समजून सुरुवातीपासून तपासायचा. वहीत मी आता अशा ठिकाणी आडवी रेघ मारतो आणि तिच्याखाली खुणा पुन्हा पहिल्यापासून लिहितो, आधी लिहिलेल्या असल्या तरी.

त्या रात्री मी सकाळची ओळ खोडली, पण वाचता येईल अशी ठेवली. तिच्याखाली दोन ओळी लिहिल्या : ‘ब्लॅकपोल वॉर्बलर, 1. छायाचित्रे 1 ते 9. डाव्या खालच्या पंखपट्ट्यात एक पीस कमी.’ आणि ‘ब्लॅकपोल किंवा बे-ब्रेस्टेड, 1. छायाचित्रे 10 ते 17. पंखपट्टा अखंड. तळवा दिसला नाही.’ ज्येष्ठ निरीक्षिकेने आपल्या नावे दुसऱ्या ओळीशेजारी ‘माझ्या मते बे-ब्रेस्टेड, मानेवरून’ असे पेन्सिलीने लिहिले आणि खाली तारीख घातली.